चिंचेखालचा प्लॉट

सोसायटीच्या चिठ्ठ्या निघाल्या तेव्हा चिंचेचा प्लॉट सिंधुबाईच्या नावावर आला आणि बाकीच्या सभासदांना मनातून बरं वाटलं. तोंडानं मात्र सगळे 'वाईट झालं' असंच म्हणाले.

ही गोष्ट बारामतीची, छप्पन सालच्या आसपासची. गावठाणात माणसं मावेनाशी झाली होती. कालव्याच्या पाण्यानं भोवतालचं रान बागायती झालं, गुळाची पेठ वाढली, नोकरदार येऊन राहू लागले आणि भाड्यानं खोली मिळणं मुश्किल झालं. तेव्हा काही जणांनी एकत्र येऊन हाउसिंग सोसायटी काढली. भाजीपाल्याचे अडते मोहनराव तिचे चेअरमन झाले. कालव्याच्या अलीकडचं झुंबर माळ्याचं रान सोसायटीनं विकत घेतलं. नकाशा पुण्याहून काढून आणला. त्यात रस्ते होते, प्लॉट होते, रस्त्याच्या कडेला सभामंडपासाठी राखून ठेवलेली एक मोकळी जागा होती. चिंच मात्र नव्हती. नकाशा काढणाऱ्यानं रान पाहिलंच नव्हतं.

रानात चिंच होती ती विहिरीच्या जवळ. दोघांच्या कवेत मावणार नाही असा बुंधा, आणि फांद्यांचा पसारा एवढा, की एका प्लॉटची सगळी जागा तिच्याखाली झाकून जायची. ज्याला तो प्लॉट मिळेल त्याला आधी झाड पाडावं लागणार, बुंधा उकरावा लागणार आणि मग कुठं घराचा पाया धरता येणार, हे सगळ्यांना दिसत होतं.

सिंधुबाई नगरपालिकेच्या दवाखान्यात नर्स होती. माहेर कळंबचं. लग्नानंतर थोड्याच वर्षांत नवरा विषमज्वरानं गेला. दिरांनी शेतात राबायला ठेवून घेतलं असतं, पण तिनं पुण्याला जाऊन सुईणीचं शिक्षण घेतलं आणि नोकरी धरली. सासू बनाबाई थोरल्या मुलाचं घर सोडून हिच्याजवळ येऊन राहिली. का, ते तिनं कधी सांगितलं नाही, सिंधुबाईनंही विचारलं नाही. कसब्यातल्या एका भाड्याच्या खोलीत दोघी राहत होत्या. आता घरमालकाच्या मुलाचं लग्न ठरलं होतं आणि दिवाळीपर्यंत खोली मोकळी करून द्या, असं त्यानं सांगून ठेवलं होतं.

चिठ्ठ्या मार्गशीर्षात निघाल्या. तेव्हा चिंचेवर वाळक्या काटक्यांचे गबाळे झुबके तेवढे होते. पुढं उन्हाळ्यात गावात गोवराची साथ आली, सिंधुबाईला मान वर करायला सवड मिळाली नाही. ती झाड पाडायचं ठरवून प्लॉटवर आली तेव्हा श्रावण लागला होता.

तिनं म्हस्कूला बोलावलं होतं. म्हस्कू धनगर. बापाच्या वेळी त्यांची मेंढरं इंदापूरच्या माळावर हिंडायची. माळ एकेक करून लागवडीखाली गेले, मेंढरं विकली गेली, आणि म्हस्कू, त्याची बायको भागूबाई आणि भाऊ सिद्धू असे तिघं मिळून आता खोदाईची न् लाकूडतोडीची कामं घेत होते. म्हस्कू कमरेला कुऱ्हाड लावून झाडावर चढला. वरून एकदम पांढरा कल्लोळ उठला. बगळे नि ढोकऱ्या कर्कश ओरडत झाडावर घिरट्या घालू लागले. म्हस्कू थोडा वेळ वर थांबला आणि कुऱ्हाड न चालवताच खाली उतरला.

"बाई, न्हाय जमायचं."

"का? लाकूड लई टणक हाय?"

"लाकडाचं काय न्हाय. वर पिलं हायती. डहाळीडहाळीला घरटं हाय. अजून पंख फुटलं न्हायती त्यांना."

"मग कधी जमंल?"

"उडून जाऊ द्या. नवरात्राच्या पुढं-मागं झाड मोकळं हुईल. मग एका दिसात आडवं करतो."

सिंधुबाईनं मनाशी हिशेब केला. नवरात्रात झाड पडणार, मग बुंधा निघणार, मग पाया. दिवाळीला घरमालक दारात उभा राहणार.

"मला येवढं थांबता यायचं न्हाय, म्हस्कू."

"मग दुसरं कुणी बगा," म्हस्कू शांतपणे म्हणाला. "मी न्हाय करणार."

त्याचा तिला राग आला. आपण दिवसभर उभ्यानं काम करून वीट वीट जमवायची आणि यानं पाखरांची पिलं सांगायची, असं वाटून ती घरी गेली. दुसऱ्या दिवशी तिनं लाकडाच्या वखारीत निरोप धाडला. वखारीचा मुकादम लगेच तयार झाला. तोडणावळ नको, लाकूड आमचं, असा सौदा ठरला.

ज्या दिवशी वखारीची माणसं आली त्या दिवशी तिची दवाखान्यात पाळी होती. एक अवघड बाळंतपण होतं, पण आई आणि मूल दोघं नीट सुटली. त्याच समाधानात ती दुपार कलल्यावर प्लॉटवर गेली.

लांबूनच तिला आवाज ऐकू आला. झाडावर पक्षी एवढे होते, की चिंच मीठ फेकल्यासारखी पांढरी दिसत होती. विहिरीकडची मोठी फांदी खाली पडली होती. फांदीबरोबर घरटी खाली आली होती, आणि घरट्यांबरोबर पिलं. मानेला धड पिसं नाहीत, पोटं फुगलेली, चोची उघड्या. काही मेलेली होती. काही फांदीच्या पाल्यात अडकून हलत होती. एकानं भीतीनं अर्धवट पचलेला बेडूक ओकून टाकला होता आणि ते त्याच्याच शेजारी पडून धापा टाकत होतं. मुकादमाची माणसं पुढच्या फांदीला दोर लावत होती.

सिंधुबाई फांदीजवळ जाऊन खाली बसली. पाल्यात हात घालून तिनं एक पिलू बाहेर काढलं. त्याचं काळीज तिच्या बोटांखाली धडधडत होतं. सकाळी तिच्या हातात एक मूल रडलं होतं. दोन्ही गोष्टी एकाच दिवसात आपल्या हातून झाल्या, एवढंच तिला त्या वेळी कळलं. बाकी काही सुचेना.

"थांबवा," ती मुकादमाला म्हणाली.

"आता कुठं सुरुवात झालीय, बाई."

"थांबवा म्हणते ना. दोर सोडा तो."

"झाड तुमीच दिलंय आमाला."

"दिलं हुतं. आता न्हाय देत."

मुकादमानं माणसांना दोर सोडायला सांगितलं. मग पडलेली फांदी तरी नेणार, असं म्हणाला. ती म्हणाली, न्या, पण आधी मला पाला बघू द्या. माणसं बाजूला बसून बिड्या ओढू लागली आणि ती गुडघ्यावर येऊन पाला चाळू लागली. विहिरीवर पाणी भरायला आलेल्या झुंबरच्या बायकोनं, छबूबाईनं, हे बघितलं. तिनं आपली भाजीची पाटी रिकामी करून आणली आणि दोघींनी जिवंत पिलं तीत गोळा केली.

म्हस्कूकडे निरोप गेला. तो आला, बरोबर भागूबाई आणि सिद्धू आले. म्हस्कूनं पडलेली फांदी बघितली. तो काहीतरी बोलेल म्हणून सिंधुबाई वाट बघत राहिली, पण तो बोलला नाही. त्याचंच तिला जास्त लागलं. सिद्धूनं पाटीत गवत पसरलं, पाटी पाठीला बांधून वर नेली आणि तुटलेल्या फांदीच्या जवळच्या बेचक्यात दोरानं घट्ट आवळून ठेवली.

"येतील का त्यांच्या आया?" सिंधुबाईनं विचारलं.

"कुणाची यील, कुणाची न्हाय यायची," भागूबाई म्हणाली. "मेंढराचंबी तसंच असतंय. आपुन जवळ थांबायचं न्हाय, येवढं आपल्या हातात."

दुसऱ्या दिवशी ती दवाखान्यातून परस्पर तिकडे गेली. लांब बांधावर उभी राहून बघत राहिली. पाटीच्या काठावर एक बगळा येऊन बसला, इकडं-तिकडं मान फिरवली आणि आत वाकला. पाटीतून चोची वर आल्या. ती तशीच उभी राहिली, पाय भरून आले तरी. सगळी पिलं काही जगली नाहीत. दोन-तीनदा सिद्धूनं वर जाऊन मेलेली काढली. पण उरलेली वाढत गेली, पाटीच्या काठावर उभी राहून पंख झाडू लागली.

घरी बनाबाईला हे कळलं तेव्हा तिनं ताटावरून हात काढून घेतला.

"म्हंजे झाड न्हाय पाडायचं?"

"पिलं उडूस्तवर न्हाय, आत्याबाई."

"आन् पिलं उडाल्यावर?"

सिंधुबाईनं तिच्या ताटात भाकरी वाढली.

"तुझं मला कळतंय," बनाबाई म्हणाली. "तू आता तोडायची न्हाईस ती चिंच. पाखरांना घर हाय, सिंधू. मला कुठं हाय? म्हातारपणी कुणाच्या दारात जाऊन बसू मी? थोरल्याच्या?"

सासूचं काही खोटं नव्हतं. ती रात्रभर तळमळली आणि सकाळी उठून कामाला गेली.

पण संध्याकाळी प्लॉटवर जायचं तिनं सोडलं नाही. तिथं तिची झुंबरशी गाठ पडायची. रान विकलं तरी झुंबर रोज चिंचेखाली यायचा. पक्ष्यांच्या विष्ठेनं तिथली माती पांढरी पडलेली असायची, ती तो फावड्यानं खरवडून घमेल्यात भरून न्यायचा. कालव्यापलीकडे त्याचं अजून थोडं रान होतं, त्यातल्या वांग्यांना तो ती माती घालायचा. वास उग्र होता. सिंधुबाई पदर नाकाला लावून उभी राहायची.

"माझ्या आज्यापासनं हे खत नेतो आमी," झुंबर एकदा म्हणाला. "रान इकलं तवा चिंचंचं कुणी इचारलं न्हाय. मीबी बोललो न्हाय. वाटलं, ज्याचं रान त्याचं झाड."

"आता काय वाटतंय?"

"आता माझं वाटून काय उपेग, बाई? प्लाट तुमचा हाय."

तो माती घेऊन गेला, आणि सिंधुबाई तिथंच थांबली. सोसायटीत त्या वेळी चार-पाच ठिकाणी बांधकामं चालली होती. ऊन उतरलं नव्हतं. गवंड्यांनी आपल्या भाकरीच्या फडक्यांची गाठोडी चिंचेच्या एका बाजूला, घरटी नव्हती तिकडे, टांगून ठेवली होती. एक बाई झोळीत मूल घालून झुलवत होती. प्लॉट बघायला आलेले सभासद उन्हात दोन मिनिटं उभे राहायचे आणि बोलत बोलत सावलीला यायचे. कुणीच कुणाला सांगून येत नव्हतं. सगळा माळ उघडा होता, सावली म्हणून एवढीच होती. मोकळी जागा म्हणून नकाशात जी राखली होती ती पार तिकडे रस्त्याला, भर उन्हात, रिकामी पडली होती. तिकडे कुणी फिरकत नव्हतं.

सिंधुबाई तिथून तशीच मोहनरावांच्या अडतीवर गेली.

"सभामंडपाची जागा चिंचंखाली घ्या आन् ती रस्त्याकडची जागा मला द्या," ती म्हणाली. "मापानं दोन्ही सारख्याच हायत. येताना गवंड्याकडनं इचारून घेतलंय."

मोहनराव गादीवर बसले होते. ते नीट ऐकून घेणारे गृहस्थ होते, पण भांडणाला भिणारे.

"सिंधुबाई, तुमचं म्हणणं वाईट न्हाय. पण चिठ्ठ्या निघाल्या. एकाला बदलून दिलं, की दुसरा उठतो. आणि त्या जागेला लागून आबाजींचं घर आहे. त्यांना विचारल्याशिवाय मी काही बोलायचो नाही."

"मग सभा बोलवा. तितंच इचारू."

आबाजी पोलिसातून हवालदार म्हणून रिटायर झालेले. त्यांचं घर सोसायटीत सगळ्यात आधी उभं राहिलं होतं, आणि त्यांनी मोकळ्या जागेच्या बाजूला मुद्दाम तीन खिडक्या ठेवल्या होत्या. संध्याकाळचा पश्चिमेचा वारा त्या खिडक्यांतून आत यायचा. आबाजी ते येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचे.

गणपती गेल्यावर एका रविवारी सभा भरली. अजून कुठलंच मोठं छप्पर नव्हतं, म्हणून ती चिंचेखालीच भरली, घरटी नसलेल्या बाजूला सतरंज्या टाकून. बहुतेक पिलं तेव्हा उडायला शिकली होती, पण झाड सोडून लांब जात नव्हती. सभासद पुढं बसले. त्यांच्या बायका विहिरीच्या कट्ट्यावर, ऐकू येईल एवढ्या अंतरावर.

सिंधुबाईनं उभं राहून आपलं म्हणणं सांगितलं. तिला सभेत बोलायची सवय नव्हती. ती म्हणाली, मला झाड पाडायचं न्हाय. एकदा पाडायला लावलं हुतं, त्यात काय झालं ते मी बघितलंय. पण मला घरबी पाहिजे. माझ्या सासूला पाहिजे. म्हणून ही जागा सगळ्यांची करा आन् ती माझी करा.

आबाजी उठले.

"मी खिडक्या ठेवल्या त्या मोकळी जागा बघून. आता तिथं भिंत उभी राहणार. माझा वारा बंद. हे नकाशात नव्हतं."

"चिंचबी नकाशात नव्हती," मागून कुणीतरी म्हणालं.

"मला पुरं बोलू द्या. आणि ही पाखरं. चार महिने हितं नाक धरून बसायचं? मंडपाला म्हणून जागा ठेवली ती माणसांसाठी. हितं कीर्तन करायचं, का बगळ्यांचं ओरडणं ऐकायचं?"

हे बोलणं चुकीचं नव्हतं, आणि दोन-तीन माना त्यांच्या बाजूनं हलल्या. तेवढ्यात वरच्या एका तरुण बगळ्यानं आबाजींच्या टोपीवर घाण केली. काही जण हसले. आबाजींनी टोपी काढून बघितली, झटकली, आणि दोन पावलं बाजूला सरकले. तिकडे ऊन होतं. ते क्षणभर उन्हात उभे राहिले आणि पुन्हा सावलीत आले. त्यावर मात्र सगळेच हसले, मोहनरावसुद्धा.

आबाजी चिडले. ते बघून विहिरीच्या कट्ट्यावरून छबूबाई पुढं आली.

"हवालदार, जरा इसरू नगा. हितं बसल्यात त्यांच्यातल्या निम्म्या घरांतली बाळंतपणं ह्या बाईनं..."

"ते काढू नका, छबूबाई," सिंधुबाई मध्येच म्हणाली. "ते माझं काम हाय. त्याचा मला पगार मिळतो. त्याच्या जोरावर मला जागा नको."

छबूबाई मागं गेली. आबाजी हातातल्या टोपीकडे बघत उभे होते. सिंधुबाई त्यांच्याकडे वळली.

"आबाजीराव, वारा बंद होतो म्हणता, ते खरं हाय. मी तुमच्या जागी असते तरी तेच म्हणले असते. कितीनं भागंल ते सांगा. तेवढी जागा मी माझ्या अंगची सोडते. घर ल्हान बांधीन."

आबाजींना हे अपेक्षित नव्हतं. त्यांनी पुढच्या भांडणाची तयारी केली होती.

"चार हात," ते म्हणाले.

"सोडले."

"आणि त्या चार हातांत गोठा नाही, सरपण नाही, मोरी नाही."

"काय न्हाय ठेवायची."

"आणि घाणीचं काय?"

झुंबर बसल्या जागेवरून म्हणाला, "घाण मी नेतोय की रोज. तुमी घाण म्हणता, माझी वांगी तिच्यावर पिकत्यात. मला एकट्याला व्हायचं न्हाय तर भाऊबंद येतील. फकस्त झाड राहू द्या."

मोहनरावांनी मग सभेचं मत घेतलं. दोघा-तिघांनी हात वर केले नाहीत. त्यांचं म्हणणं एवढंच होतं, की मंडप राहून जातो. त्यावर ठरलं, की मंडप पुढं कधीतरी बघू, आत्ता बुंध्याभोवती दगडी पार बांधू, आणि पावसाळ्याचे महिने सोडून कीर्तन पारावर करू. पक्षी असताना झाडावर कुणी चढायचं नाही, फांदी उतरवायची झाली तर माघ-फाल्गुनात उतरवायची. हे कुणी सुचवलं ते आता नक्की सांगता येत नाही. बहुतेक म्हस्कूनं सुचवलं असावं. तो सभासद नव्हता, पण सतरंजीच्या कडेला बसला होता.

सभा उठली तेव्हा सिंधुबाईला एकदम थकवा आला. जागा मिळाली होती, पण घर नव्हतं, आणि दिवाळी तोंडावर आली होती. घर उभं राहायला उन्हाळा उजाडणार होता. तोवर जायचं कुठं, हे तिनं सभेत मुद्दामच बोलून दाखवलं नव्हतं. ती विहिरीवर तोंड धुवायला गेली तर तिथं आबाजींची बायको कुशाबाई कळशी भरत होती.

"दिवाळीला खोली सोडायचीय ना तुमाला?" कुशाबाईनं विचारलं.

"व्हय."

"आमची मागची पडवी मोकळी हाय. तट्टे लावून घेतले, की चूल मांडता यील."

"आबाजीरावांना चालंल?"

"त्यांना मी सांगते. चार हात मिळवल्यात त्यांनी आज, खुशीत हायत," कुशाबाई म्हणाली आणि कळशी काखेला मारून निघून गेली.

तसंच झालं. दिवाळीच्या आधी बनाबाई आणि सिंधुबाई आबाजींच्या पडवीत राहायला आल्या. पहिले काही दिवस आबाजी त्यांच्याशी बोलले नाहीत. मग एक दिवस बनाबाईनं हुलग्याचं माडगं केलं आणि वाटीभर पुढच्या घरात धाडलं. दुसऱ्या दिवशी आबाजींनी स्वतः पडवीच्या दारात येऊन विचारलं, की त्यात लसूण किती घालता. त्यानंतर बोलणं सुरू झालं ते थांबलं नाही. पुढं पुढं सिंधुबाई कामावर गेली, की दोघं म्हातारी माणसं दुपारभर एकमेकांना आपल्या तरुणपणाच्या गोष्टी सांगत बसायची आणि दोघांनाही दुसऱ्याची गोष्ट लांबलेली वाटायची.

नव्या जागेचा पाया म्हस्कू आणि सिद्धूनं खोदला. वरचा मुरूम संपला, की खाली काळा खडक होता. पायाला तो चांगला, पण संडासाच्या खड्ड्याला त्यांनी पहारी बोथट केल्या. भागूबाईनं दगड वाहिले. एक दिवस काम संपल्यावर सिंधुबाईनं म्हस्कूला विचारलं, "त्या दिवशी फांदी पडलेली बघून तुला माझा राग आला असंल."

म्हस्कूनं पहार खाली ठेवली.

"आला हुता," तो म्हणाला. "आमी मेंढरं इकली तवा मलाबी घर पाहिजे हुतं, बाई. मजुरीवर माळ नांगरला तवा तितं टिटवीची अंडी हुती. म्या बगितली आन् तसाच नांगर फिरवला. म्हणून काय बोललो न्हाय."

तो पुन्हा कामाला लागला. सिंधुबाईनं त्याला पाणी आणून दिलं.

घर चैत्रात पुरं झालं. दोन खोल्या, एक स्वयंपाकघर, पुढं छोटा ओटा. चार हात सोडल्यामुळं मधली खोली अरुंद झाली होती आणि बनाबाईची लाकडी पेटी तिथं आडवी मावेना. तिनं त्याबद्दल बरेच दिवस कुरकुर केली. विहीर लांब पडते, म्हणूनही केली. पण वास्तुशांतीला थोरला मुलगा आला आणि 'आई, आता माझ्याकडं चल' म्हणाला, तेव्हा ती म्हणाली, "माझं घर सोडून कुठं येऊ?" आणि त्याला दुसरी पोळी वाढली.

ज्येष्ठात पक्षी आले. आदल्या वर्षी फांदी तुटली त्या बाजूला कमी बसले, दुसऱ्या बाजूला दाटी झाली. आषाढात काही दिवस वास असह्य झाला आणि सभेत हात वर न केलेल्या सभासदांनी मोहनरावांकडे तक्रार नेली. झुंबर आणि त्याचे भाऊबंद दिवसाआड माती नेऊ लागले, आबाजींनी दवाखान्यातून चुना मागून आणून पाराभोवती टाकला, आणि पावसाची एक मोठी सर येऊन गेल्यावर तक्रार आपोआप बसली. सगळ्यांचं समाधान झालं असं नाही. एका सभासदानं आपला विहिरीकडचा प्लॉट विकून टाकला. पण घेणारा म्हणाला, झाड आहे म्हणून घेतला, दुसरीकडं सगळं उघडं आहे.

त्याच्या पुढच्या वर्षी कालव्याच्या पलीकडे आणखी एक सोसायटी निघाली. तिची चार-पाच माणसं मोहनरावांचा नकाशा बघायला आली. मोहनरावांनी नकाशा उलगडायच्या आधी त्यांना घेऊन त्यांच्याच रानात चक्कर मारली. आबाजी काठी घेऊन बरोबर निघाले. रानात एका जुन्या विहिरीवर बाभळी वाकल्या होत्या आणि त्यांना सुगरणीची घरटी लोंबत होती. बांधाला चार कडुलिंब होते, एका पडक्या बांधात मुंगसांची बिळं होती. नवी माणसं आधी हसली. मग त्यांच्यातला एक जण खडूनं कडुलिंबांवर खुणा करू लागला, आणि विहीर बुजवायची का ठेवायची यावर त्यांचा आपसांत वाद लागला.

परत येताना ती मंडळी सिंधुबाईच्या घरावरून आली. ती नुकतीच दवाखान्यातून आली होती आणि लगेच पुन्हा बाहेर पडत होती, हातात पिशवी होती, पायांत वहाणा चढवत होती.

"ह्याच त्या बाई," मोहनराव म्हणाले.

त्यांच्यातल्या एका पागोटेवाल्यानं नमस्कार केला. "बाई, हातात आलेला प्लॉट सोडून दिला म्हणे तुमी. आमच्याकडं असं कुणी तयार न्हाय. तुमी कसं मनावर घेतलं, जरा सांगता का?"

"सांगितलं असतं," सिंधुबाई म्हणाली, "पण कोऱ्हाळ्याची बाई आलीय, कळा सुरू झाल्यात. टांगा थांबलाय."

ती झपाझप पायऱ्या उतरून गेली. पागोटेवाला तिच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघत राहिला. आबाजींनी काठी भिंतीला टेकवली, ओट्यावर बैठक मारली आणि घसा साफ केला.

"बसा," ते म्हणाले. "मी सांगतो. मी तितं होतो. खरं म्हणजे त्या सभेत सगळ्यात आधी चार हातांची गोष्ट काढली ती मीच."

आतून बनाबाईनं विचारलं, किती माणसांचा चहा टाकू.